सावलीत वाळवलेला फिल्टर

१

आपली बायको कमलाक्षी गेली हे बाबाजीला कळलं तो एप्रिलमधला पहिला शुक्रवार होता. संध्याकाळचे पावणेसात झाले होते. साखळीच्या अलीकडे त्याचं घर आहे, तिथे तो न्हाणीघरातल्या नळाचा वायसर बदलत होता. फोन मेव्हण्याचा होता, सगुणचा.

"भावजी, आसशात तसे तुयें येयात. ताईक गाडयेन धडक दिली."

"बरी आसा मगे?"

सगुणच्या मागे कुणीतरी बाई रडत होती, ती ऐकू आली. बाबाजीने पाना खाली ठेवला.

शेजाऱ्याच्या गाडीतून तो निघाला. म्हापसा ओलांडून, कोलवाळचा पूल ओलांडून तुयेच्या पठारावर चढला, तेव्हा अंधार पडला होता. बसस्टॉपजवळ दोन पोलीस बॅटरी घेऊन उभे होते. बॅटरीच्या उजेडात रस्ता पिवळा दिसत होता. थोडाथोडका नव्हे, चांगला बैलगाडीएवढा पट्टा पिवळा. कडेला एक पांढरी कापडी पिशवी उसवून पडली होती.

ती हळद घरची होती. सगुणच्या मुलीचं, सेजलचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. लग्नाची हळद आत्याने आणायची ही त्या घरची रीत. कमलाक्षीने परसातली हळद काढली, उकडली, अंगणात वाळवली आणि साखळीच्या गिरणीत समोर उभं राहून दळून घेतली. तीन किलो. त्या शुक्रवारी सकाळी ती बसने म्हापशाच्या बाजाराला गेली, बांगड्या घेतल्या, आणि तिथून पेडण्याची बस धरून तुयेला उतरली. सगुणचं घर तिथून दोन किलोमीटर. ती चालतच जायची.

हॉस्पिटलात सगुण होता, त्याची बायको होती, मुलगा साईश होता. सगुण कारखान्यातल्या कपड्यांवर धावत आला होता. त्याच्या बायकोच्या हाताला पीठ तसंच होतं. साईशने बाबाजीला मिठी मारली आणि "मामा, मामा" करत रडला. आत्याच्या नवऱ्याला त्या घरात मामाच म्हणत. साईशचे केस ओले होते, अंगात नुकताच घडी मोडलेला शर्ट होता. पोराला शुद्ध नव्हती, बाबाजीलाही नव्हती. कोण कसा आला हे बघायची ती वेळ नव्हती.

पोलिसांनी लिहून घेतलं : अज्ञात मोटरसायकल, हँडलचा फटका, डोकं स्टॉपच्या दगडी कट्ट्यावर आपटलं. नंबर कुणी पाहिला नाही. रंग कुणी सांगू शकलं नाही. हळदीचा ढग उठला आणि त्या ढगातून गाडी निघून गेली.

"सापडतलो," हवालदार म्हणाला.

तो असा म्हणाला, की बाबाजीला तिथेच कळलं, हे शोधणार नाहीत.

२

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी बाबाजी बसने तुयेला उतरला. स्टॉपच्या कट्ट्याशी सुलोचना भाजी घेऊन बसते. अपघात पाहणारी ती एकटीच. तिने बाबाजीला ओळखलं आणि आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"बस. पोलिसांक सांगलां ताच तुका सांगतलंय."

"पोलिसांक सांगूंक ना तां सांग. दिसलां तितकां सगळां."

सुलोचनाने माठाच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. "बसीतसून उतरली. पिशवी जड. हिका म्हटलां, गो बाय, बस घडयेभर. तितक्यात गाडयेचो आवाज आयलो. हिणां हात वर केलो आणि दोन पावलां रस्त्यात गेली."

"हात वर केलो? थांबवंक?"

"तर! रिक्षाक करतत तसो. हासत होती."

"गाडी चलवपी कसो होतो?"

"तोंडार काळां हेल्मेट, काच खाली. बाई की बापयो, तरणो की म्हातारो, देवाक ठावक."

"आणि आवाज?"

सुलोचना विचारात पडली. "रेस मारतत ती पोरां, तांच्या गाडयेचो आवाज फाटीं येता मरे? ढां ढां. हो तसो न्हय. हो फुडल्यान. रेडो तहानेन पाणी ओढता कसो, तसो."

बाबाजी सरळ बसला.

डिचोलीच्या एका खाणीवर त्याने चोवीस वर्षं काढली होती, डंपरांच्या वर्कशॉपात. बाकीचे इंजिन खोलायचे. त्याच्याकडे एअर फिल्टर. इंजिन श्वास घेतं ती हवा आधी फिल्टरमधून जाते, आणि खाणीवर त्या हवेत अर्धं लोखंड असतं. सकाळी बारा फिल्टर काढायचे, झटकायचे, हवा मारायची, परत बसवायचे. त्यामुळे त्याला माहीत होतं, की गाडी फक्त मागून ओरडत नाही. कंपनीने दिलेला फिल्टरचा अरुंद तोंडाचा डबा काढून रुंद तोंडाचा बसवला, आत कापडी फिल्टर घातला, की हँडलची मूठ पिळल्याबरोबर टाकीखालून इंजिन हवा ओढताना ऐकू येतं. हल्लीची पोरं त्या आवाजासाठी पैसे मोजतात. पण असं काम करणारी गॅरेजं गावोगाव नसतात.

"अजून एक सांगतंय," सुलोचना म्हणाली. "हिणां वीस मिनटां काडली. माझ्या मांडयेर डोकां होतां. पाणी पाजलां. माका विचारता, 'पोर पडूंक ना मगे?' तुझी बायल ती! आपुण मरता आणि पळून गेल्ल्याची काळजी."

बाबाजीला तिचा रागच आला. सुलोचनाचा नव्हे, कमलाक्षीचा. मरतानासुद्धा ती त्या पळालेल्याबद्दलच विचारत होती.

उठताना त्याने खिशात हात घातला. खिशात एक सहाचा नट होता, घरातून निघताना डब्यातून उचललेला. इंजिनाच्या हवेच्या तोंडात एवढा एक नट टाकला, तर तो आतल्या पडद्यात अडकतो आणि पिळलेली मूठ परत येत नाही. गाडी थांबत नाही. चोवीस वर्षं त्याने पोरांना हेच शिकवलं होतं, की फिल्टर काढला की आधी तोंडात फडकं कोंबायचं, एकही नट आत जाता कामा नये.

तो माणूस सापडला की त्याला पोलिसांकडे न्यायचा बाबाजीचा विचार नव्हता.

३

साईश स्वतःहून म्हणाला, "मामा, तुमी बसीन खंय फिरतलात? हांव व्हरतां." बापाची गाडी घेऊन तो सोमवारी साखळीला हजर झाला. त्याची मोटरसायकल घरीच होती.

पेडण्याच्या वाटेवर निहारचं गॅरेज आहे. वय तिशीच्या आत, हात काळे, बोलणं गोड. स्पोर्ट्स बाईक घेणारी सगळी पोरं त्याच्याकडे जातात. पत्र्याखाली एक गाडी टाकी काढून उभी होती आणि तिच्या हवेच्या तोंडांत लाल फडकी कोंबलेली होती. बाबाजीला ते बघून बरं वाटलं. माणूस कामाचा होता.

"हवेचां किट?" निहार म्हणाला. "रुंद डबो, कापडी फिल्टर, सगळां? ह्या बाजूक हांवच घालतां. फेब्रुवारीत पार्सल आयलां, तीन किटां होती."

"कोणाक घातली?"

निहारने हात पुसले. त्याने एकदा बाबाजीकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या साईशकडे. "एक डिचोलेच्या सुदेशाक. बापाशीचे ट्रक आसत, तो. दुसरां संदीपाक, दोडामार्गचो, तुयें कारखान्यात सुपरवायझर. तिसरां पडून आसा. थंय, पिशवयेत."

फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक फिल्टर दिसत होता. बाबाजीने मान डोलावली. विकला न गेलेला फिल्टर बघून काय करायचं होतं?

"तेल लाल घालतस काय रे ह्या फिल्टरांक?" त्याने सवयीने विचारलं. कापडी फिल्टरला चिकट तेल लावावं लागतं, धूळ धरून ठेवायला.

"ह्या कंपनीचां निळां."

परतताना साईश म्हणाला, "मामा, तो सुदेश. माका खात्री आसा. पैशांची गर्मी. दोन फावटी लायसन गेलां ताचां."

"बघूंया."

"सापडलो जाल्यार काय करतलात?"

बाबाजीने खिडकीबाहेर पाहिलं. "तुका कळतलां," तो म्हणाला.

४

सुदेश ट्रकांच्या यार्डात खुर्चीवर बसून सरबत पीत होता. बाबाजी कोण हे ऐकल्यावर उठला नाही.

"म्हाताऱ्या, त्या शुक्रवारी हांव डिचोलेच्या बाहेर पडूंक ना. विचार कोणाक जाय ताका. आणि कमलाक्षीबाय म्हजी कोण लागता, की तिका मारून हांव पळतलों? मारल्यार वकील दितलों, पळचो ना."

"फिल्टर दाखय."

"काय?"

"गाडयेचो फिल्टर. तू मारूंक ना जाल्यार दाखवपाक कित्याक भियेतस?"

सुदेश हसला. त्या हसण्यासाठी बाबाजीने त्याला मनातल्या मनात शंभरदा मारलं. पण यार्डातल्या मेकॅनिकने टाकी वर केली, डबा उघडला, आणि फिल्टर बाबाजीच्या हातात आला.

फेब्रुवारीपासून तो कुणी धुतला नव्हता. खाणीच्या रस्त्यावरची लाल माती त्याच्या घड्यांत विटेसारखी बसली होती. बाबाजीने खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला आणि पेनाच्या टोकाने एक घडी उघडली, मग दुसरी. माती थरांनी बसते. वरचा थर कालचा, खालचा महिन्यापूर्वीचा. हळदीच्या ढगातून गेलेली गाडी ती हळद ओढणारच, आणि तेलाने ओल्या कापडाला हळद लागली की ती हलत नाही. थर कितीही खरवडला तरी लालच. पिवळं कुठेही नाही.

"जालां?" सुदेश म्हणाला. "आता चा घे आणि घरा वच, पात्राव."

बाबाजीने चहा घेतला नाही.

संदीप तुयेला औद्योगिक वसाहतीच्या बाहेर भाड्याच्या खोलीत राहतो. तो मऊ बोलणारा, डोळ्याला डोळा न देणारा माणूस. सुदेश खोटा वाटत होता, हा त्याहून जास्त. खोलीत एका कोपऱ्यात देव, एका कोपऱ्यात गाडीच्या वस्तूंचे डबे, सगळे ओळीत.

"त्या दिवसा मी दुपारची पाळी केलंय," तो म्हणाला. "रात्री साडेदहाक सुटलंय. पण पाळयेतसून भायर पडूक येता, म्हणतील लोक. तुमीय म्हणशात."

"फिल्टर धुतलस काय?"

"धुतलंय. दोनदा. पंधरा दिवसांनी धुतंय. कागदात लिवलला तसा." तो एकदम बोलका झाला. "कंपनीचोच धुवचो रस घेतंय. साबण नाय. उन्हात नाय, सावलीत वाळवचो, उन्हान कापड आकसता. मगे तेल."

"दाखय."

संदीपने फिल्टर काढून दिला. घड्या शुभ्र, वर निळ्या तेलाचा ताजा हात. डॉक्टरच्या कापसासारखा. बाबाजीने तो खिडकीशी धरून चारी बाजूंनी पाहिला.

साईश दारातून म्हणाला, "धुतलां म्हणजे लिपयलां, मामा. दोनदा कोण धुता?"

संदीपचा चेहरा उतरला. बाबाजीने फिल्टर त्याच्या हातात परत दिला.

"तू न्हय," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर साईशने विचारलं, "ताका कित्याक सोडलो?"

"हळद धुतली म्हणून पांढरी जायना," बाबाजी म्हणाला. "तुझ्या आत्याक विचार." आणि मग त्याला आठवलं, की विचारता येणार नाही.

त्या रात्री जेवताना त्याचा हात ताटातच थांबला. तीन किट आली होती. दोन पाहिली. तिसरं त्याने फळीवर, पिशवीत, लांबून पाहिलं होतं. नवा फिल्टर घट्ट बंद खोक्यातून येतो. तो पिशवीत कशाला होता?

५

दुसऱ्या दिवशी तो एकटा, बसने गेला. निहार गाडीखाली होता. बाबाजी न विचारता आत शिरला आणि फळीवरची पिशवी काढली.

फिल्टर वापरलेला होता. रबराच्या कडेला क्लॅम्पचा वळ होता. कापड एकदा भिजून सुकलेलं होतं, आणि नाकाशी धरला तर कपड्याच्या साबणाचा वास. एका बाजूच्या घड्यांवर बोटभर लांब, तांबूस, विटक्या कुंकवासारखा डाग.

निहार उठून उभा राहिला. "काका, तो... तो परत आयिल्लो. गिरायकान परत हाडलो. आवाज चड जाता म्हणालो. साबणान धुतलो आणि तो तांबडो रंग वचना. खाणीची माती आसतली."

"खाणीची माती माका शिकयतस?" बाबाजी म्हणाला. "माती घडयेच्या तळाक बसता. उदकान सुटता. ही बसूंक ना, हिणां कापड रंगयलां. आणि तुझां तेल निळां."

गॅरेजच्या बाजूला चहाची टपरी. बाबाजीने तिथून अर्धं लिंबू मागून आणलं.

कमलाक्षी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या हळदीला जायची आणि पिवळी साडी घेऊन यायची. धुणं तीच धूत असे. बाबाजी न्हाणीच्या दारात विडी ओढत बसायचा. साबण लागला की पिवळा डाग क्षणात लाल व्हायचा, रक्तासारखा, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो बघून बाबाजी घाबरला होता. ती हसली होती. 'आंबट लावलां की परत हळदीची हळद,' म्हणाली होती आणि लिंबाची फोड त्यावर चोळली होती. डाग खरंच घालवायचा तर ती साडी दिवसभर कडक उन्हात टाकायची. ऊन हळद खातं. सावलीत हळद जात नाही. हे जी बाई धुणं धुते तिला माहीत असतं. ज्याचे कपडे आई धुते त्याला नसतं.

बाबाजीने लिंबू पिळलं. रस तांबूस घडीवर पडला आणि पसरला.

तांबडं पिवळं झालं.

निहार एक पाऊल मागे सरला. "देवा," तो म्हणाला. "काका, माका ठावक नासलां."

"कित्याक खोटां सांगलस, पडून आसा म्हणून?"

"ताणां पयलीच सांगिल्लां, किट घातल्यां म्हणून कोणाक कळूंक जायना. लग्नाच्या तोंडार इतको खर्च, बापूय घरात घेवचो ना. आणि त्या दिवसा तो दारातच उबो होतो. माका कशें दिसतलां, काका? तो तिचो..."

"नाव सांगू नको," बाबाजी म्हणाला. "हांव सांगतां."

तो स्टुलावर बसला. कमलाक्षी अनोळखी गाडीला हात करणारी बाई नव्हती. तिने हसत हात केला, रस्त्यात दोन पावलं गेली, कारण गाडी ओळखीची होती. तोंडावर काळी काच असलेल्या माणसाला सुलोचना तरणा की म्हातारा सांगू शकत नव्हती. कमलाक्षी मात्र त्याला पोर म्हणाली. हॉस्पिटलात सगळे जसे होते तसे धावत आले होते. आंघोळ करून एकच जण आला होता. हळद फिल्टरला बसली, तशी ती अंगावरही बसली असणार.

"साईश," बाबाजी म्हणाला.

निहारने मान खाली घातली.

"केन्ना परत हाडलो?"

"अपघातानंतरच्या आयतवारा. कंपनीचो जुनो डबो परत घालून घेतलो. हो फेकपाक ताका जीव जालो ना. म्हणालो, विकून दी. सावलीत वाळयलां म्हणालो, कागदात लिवलां तसां."

६

गुरुवारी सकाळी बाबाजीने साईशला फोन केला. "मोटरसायकल घेवन यो. एक काम आसा."

पुढे ढकललेलं सेजलचं लग्न आता पाच दिवसांवर आलं होतं. तरी साईश तासाभरात आला. अंगणात गाडी लावली. हेल्मेट काढलं. काळं, काळ्या काचेचं.

"टाकी उघड."

"कित्याक, मामा?"

"उघड. हांव म्हातारो, माका वाकूंक जायना."

साईशने स्क्रू काढले, टाकी वर केली, डब्याचं झाकण काढलं, कंपनीचा कागदी फिल्टर बाहेर घेतला. खाली इंजिनाची दोन तोंडं उघडी झाली, रुपयाएवढी गोल, आत पितळी पडदे. बाबाजी शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या एका हातात फडकं होतं. दुसऱ्या हाताच्या मुठीत नट.

मग त्याने फडक्याच्या हाताने अंगणातल्या टिपॉयवरचा पेपर सरकवला. पेपराखाली फिल्टर होता. अर्धा तांबडा, अर्धा पिवळा.

साईश बघत राहिला. स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातातून पडला.

"साबणान लाल जालां, लिंबान पिवळां जालां," बाबाजी म्हणाला. "ही म्हज्या परसातली हळद. तुझ्या भैणीची."

"मामा..."

"उलय."

साईश जमिनीवर बसला. "ती हात करून हासताली. माका वाटलां, तिका आवाज आयकोवया. मूठ पिळली. लागींच येवन ब्रेक मारपाचो होतो. रस्त्यार रेव होती, चाक सरकलां. हँडल लागलां तिका. सगळां पिवळां जालां, माका काय दिसूंक ना."

"मगे?"

"फाटीं वळून पळयलां. ती हालताली. माका वाटलां ती उठतली. ती सुलोचना धांवली थंय. मामा, माका वाटलां ती उठतली."

"आणि तू न्हावपाक गेलस."

साईश रडायला लागला. हॉस्पिटलात रडला होता तसाच, त्याच आवाजात. बाबाजीला तो आवाज सहन झाला नाही.

"वीस मिनटां ती जिवंत होती," तो म्हणाला. "सुलोचनेन विचारूंक ना, तिणांच विचारलां. काय म्हणाली ठावक आसा? पोर पडूंक ना मगे, म्हणाली. तुझां नाव घेवंक ना. मरताना तुका लिपयलां तिणां. आणि तू म्हज्या वांगडा गाडी घेवन फिरलस. त्या गरीब संदीपाक चोर थारावपाक पळयलस."

"तिणां माका माफ केलां मगे, मामा." साईशने वर पाहिलं. "तिणां केलां तर..."

"तिणां केलां. हांवें करूंक ना."

बाबाजीने मूठ उघडली. साईशने नट पाहिला, मग इंजिनाची उघडी तोंडं पाहिली. तो गाड्यांतला होता. त्याला सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"तुका कळूंक नासतां टाकपाचो होतो," बाबाजी म्हणाला. "झाकण घालून तुका घरा धाडपाचो होतो. कोलवाळची उतरण आसा मरे, थंय मूठ परत आयली नासती. चवदाव्या दिसापासून हाच विचार केला. ह्याच खातीर तुका आज आपयलां."

गल्लीतून पाववाला पोदेर भोंगा वाजवत गेला.

नट धरलेला बाबाजीचा हात इंजिनाच्या तोंडावर होता. बोटं सैल केली असती तर नट गेला असता. पण समोर बसलेल्या पोराकडे बघताना त्याला कळलं, की ते फार सोपं झालं असतं. दोन मिनिटांत संपलं असतं. सगुणने पोराच्या फोटोला हार घातला असता आणि लोक म्हणाले असते, बिचारा, आत्याच्या मागोमाग गेला. दोघांची नावं एकत्र घेतली असती. कमलाक्षीच्या नावाशेजारी त्याचं नाव, रडून रडून. ते बाबाजीला नको होतं.

त्याने फडकं दोन्ही तोंडांत कोंबलं.

"आता बापाशीक फोन कर. म्हज्या फुडें. सगळां सांग, हात केलो तेन्नासून. एकय गोष्ट सोडू नको. मगे पोलिसांक."

"मामा, सेजलाचां लग्न मंगळवारी आसा. सोमवारी हळद. लग्न जावंदी, मगे हांव स्वताच वतां. आत्येची शपथ."

"तिचां नाव घेवं नको. फोन कर."

साईशने फोन लावला. सगुणने उचलला आणि मागे मंडपाचं सामान उतरवल्याचा आवाज येत होता. पहिली दोन वाक्यं होईपर्यंत तो मधे मधे "काय? काय?" करत होता. बाबाजी खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. जिथे साईश घुटमळला, तिथे म्हणाला, "परत सांग."

७

पोलिसांनी फिल्टर सील केला, गाडी उचलून नेली, निहार आणि सुलोचनेचे जबाब घेतले. साईश चार दिवस आत होता. सेजलचं लग्न झालं, मंडपाशिवाय, देवळात. हळद दुकानातली आणली. बाबाजी गेला नाही.

साईशला जामीन मिळाला. त्याच्या वकिलाचं म्हणणं, हळद लग्नघरातली, ती गाडीला कधीही लागू शकते. तपासणीचा कागद अजून आलेला नाही, म्हणून तारीख दोनदा पुढे गेली.

सगुण साखळीला दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी नुसता व्हरांड्यात बसला. दुसऱ्या वेळी बाबाजीचे पाय धरले. म्हणाला, जबाब थोडा सैल करा, भावजी, पोरगो चोवीस वर्षांचो. बाबाजीने त्याला उठवलं, पाणी दिलं, बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला आणि बस येईपर्यंत थांबला. जबाबातला एक शब्दही बदलला नाही.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. शिक्षा अजून व्हायची आहे.